वळणावरचा गडगा

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळ, गवतावरचं दव अजून वाळलेलं नाही.

हजर: मी, ट्रॅक्टरवर. नवरा, जयगडला बंदरावर रात्रपाळी करून थेट आलेला, डोळे लाल. सासूबाई, वळणावर आणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, कानाला मफलर. चुलत थोरले दीर, धुवट शर्ट, डोक्याला टोपी, पाय अनवाणी. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, हातात ताम्हण. बागेतले दोन गडी, फावडी घेऊन.

गैरहजर: मुंबईतले सगळे हिस्सेदार. गणपतीत याच रस्त्याने त्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या, आणि जाताना काच खाली करून त्यांनी मला सांगितलं, "रस्त्याचं काहीतरी करा हो."

काम: रस्ता सारखा करणे, आणि वळणावरच्या गडग्याचा कोपरा काढणे.

आमचा रस्ता डांबरी सडकेपासून घराच्या अंगणापर्यंत पाऊण किलोमीटर आहे. तो सरकारचा नाही की ग्रामपंचायतीचा नाही, त्यामुळे त्याच्यावर कोणी खडी टाकत नाही आणि कोणी उद्घाटनही करत नाही. सुरुवातीचा भाग उघड्या कातळावरून येतो, तो बरा. मग तो दिरांच्या कलमांच्या बागेतून उतरतो, अर्ध्या उतारावर काटकोनात वळतो आणि आमच्या हद्दीत शिरतो. उतारावर सगळा मुरूम. पावसाळ्यात तो मुरूम पाण्याबरोबर खाली जातो आणि माझ्या अंगणाच्या कडेला येऊन बसतो. दर वर्षी मी तो खालून उचलते आणि वर नेऊन टाकते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे काम टोपलीने व्हायचं. आता ट्रॅक्टरने होतं. फरक एवढाच आहे. पाऊस तोच आहे आणि तो माझ्या कामाची जराही कदर करत नाही.

मधे काही वर्षं आम्ही जेसीबी बोलावत होतो. जेसीबीवाला यायचा, गाणी लावायचा, रस्त्याची सगळी पाठ खरवडून दरीत लोटायचा आणि "एकदम गुळगुळीत झाला बघा वहिनी" म्हणून निघून जायचा. पुढच्या पावसात त्या गुळगुळीत रस्त्याचा व्हाळ, म्हणजे सरळ ओढाच, व्हायचा. तेव्हा मी ठरवलं की हे काम मी करणार. बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतलेलाच होता, औषध फवारायला आणि आंब्याच्या पेट्या ओढायला. त्याच्या मागे बसवायचं लोखंडी पातं लोटे गावच्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं. चालवायला आठवड्याभरात शिकले. दिरांनी तेव्हा आमच्या पडवीत बसून माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, "बायकोला ट्रॅक्टर दिलास, आता तू चूल संभाळ." नवरा हसला होता. तो हसला हे मी लक्षात ठेवलंय.

रस्त्याचं काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे आणि लोकांना क्रम नको असतो. आधी दोन्ही बाजूंचं गवत काढायचं, म्हणजे पाण्याला कडेला जाता येतं. मग कडेचे चर मोकळे करायचे. मग चाकोऱ्यांच्या मधे जो उंचवटा तयार होतो तो फोडायचा. मग पातं तिरकं लावून कडेला गेलेला मुरूम मध्यावर ओढायचा, असा की रस्त्याला मधे पाठ यावी आणि पाणी दोन्हीकडे उतरावं. खड्डा नुसता भरायचा नाही. तो तळापर्यंत मोकळा करून, कडा सरळ कापून मग भरायचा, नाहीतर भरलेलं सगळं पहिल्याच गाडीच्या चाकाबरोबर उडून जातं. मुंबईकर खड्डा दिसला की त्यात चिऱ्याचा तुकडा टाकतात आणि आपण श्रमदान केल्यासारखे हात झटकतात. ते तुकडे मी नंतर उपसून काढते. आणि हे सगळं नोव्हेंबरातच करायचं, जमिनीत ओल असेपर्यंत. डिसेंबर लागला की मुरूम दगड होतो आणि पातं वरून नुसतं किंचाळत जातं.

या वर्षी मात्र घाई ओलीची नव्हती.

सासूबाईंच्या किडन्या गेल्या पावसाळ्यात बंद पडत आल्या. आता आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिस. एकही वेळ चुकवून चालत नाही, चुकली की पाय सुजतात, दम लागतो, आणि डॉक्टरांनी त्यापुढचं जे सांगितलं ते मी त्यांच्यासमोर बोलत नाही. न्यायला आणायला एक रुग्णवाहिका ठरवली आहे. ती कातळावरून येते, उतार उतरते आणि वळणावर थांबते. कारण तिथे दिरांचा गडगा आहे. चिऱ्याचे तुकडे एकावर एक रचून केलेली, छातीपर्यंत उंचीची ती कुंपणाची भिंत बरोबर वळणाच्या आतल्या बाजूला नाक पुढे काढून उभी आहे. बैलगाडी वळायची, रिक्षा वळते, माझा ट्रॅक्टर वळतो. लांब गाडी वळत नाही. ड्रायव्हरने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा दार घासलं. मग त्याने मला स्पष्ट सांगितलं, "ताई, गाडी मालकाची आहे. मी इथपर्यंत येईन. पुढचं तुम्ही बघा."

पुढचं आम्ही बघतो म्हणजे काय करतो, तर सासूबाईंना खुर्चीत बसवतो आणि अंगणापासून वळणापर्यंतची चढण खुर्ची उचलून नेतो. दोन गडी, किंवा एक गडी आणि नवरा, किंवा एक गडी आणि मी. ट्रॉलीत चढणं त्यांना झेपत नाही, आणि एवढ्याशा भाड्यासाठी रिक्षावाला इथवर येत नाही. परत येताना त्या अर्धमेल्या झालेल्या असतात, मान कलते, आणि उतारावर खुर्ची पुढे झुकते.

उपाय सोपा होता. गडग्याचं पुढे आलेलं नाक काढायचं. हातभर आत घेऊन गडगा पुन्हा रचून द्यायचा, आमच्या खर्चाने, आमच्या माणसांनी. जे चिरे काढायचे त्यांच्यावर मी चुन्याने खुणा करून ठेवल्या होत्या, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की जास्त काढले.

मी हे दिरांना जाऊन सांगितलं ते दसऱ्याच्या सुमाराला. ते पावसाळ्यात दमट झालेल्या काजूच्या बिया पुन्हा वाळत घालत होते.

"भाऊजी, वळणावरचा कोपरा हातभर आत घ्यायचाय. आईंची गाडी वळत नाही."

"बघू."

कोकणात "बघू" म्हणजे नाही. हे मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे, म्हणून मी तिथेच उभी राहिले.

"'बघू' नको, भाऊजी. हो की नाही ते सांगा."

"तू देशावरून येव्हढी घाई घेऊन आलीस, ती अजून संपली नाय काय गो?" त्यांनी बिया पसरायचं थांबवलं नाही. "आज काकीची गाडी. उद्या मुंबयवाले बोलतील, आमची मोठी गाडी. परवा चिऱ्याच्या खाणीवाला येईल, डंपर घेऊन. रस्ता रुंद झाला ना, की जमीन इकायला वेळ लागत नाय. तुमच्या वरच्या तुकड्याला गिऱ्हाईक येऊन गेला, ता काय मला म्हायत नाय?"

गिऱ्हाईक आलं होतं हे खरं. मुंबईच्या एका हिस्सेदाराच्या ओळखीचं, बंगल्यासाठी जागा बघत. मी त्याला चहासुद्धा दिला नव्हता. पण दिरांना ते सांगून उपयोग नव्हता. त्यांना कोणाच्यातरी अंगावर राग काढायचा होता आणि मुंबईवाले आठ तासांवर होते, मी समोर होते.

"आईंना उचलून नेतो आम्ही," मी म्हटलं. "तुमच्या पडवीतून दिसतं ते. तुम्ही बघता."

त्यांनी बियांची दुसरी पाटी ओढली. जाऊबाई आतून म्हणाल्या, "काकीला आमी काय नाय म्हटला काय कधी?" त्या मला म्हणाल्या की भिंतीला, ते ठरवणं कठीण होतं.

शेवटी दिवाळी झाल्यावर दीर स्वतःच आमच्याकडे आले. खुर्ची ओढून बसले, सासूबाईंच्या पायांकडे बघितलं, सूज बघितली, आणि म्हणाले, "काडा कोपरा. पण तिथे राखणदाराचा पाषाण हाय. गाऱ्हाणा घातल्याशिवाय चिरा हलवायचा नाय."

हे बरोबर होतं. वळणाच्या पलीकडे ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. जमिनीचा रखवालदार. आमच्याकडे विहीर खणा, झाड तोडा, घराचा पाया काढा, आधी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातला थोरला पुरुष मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. माझे सासरे गेल्यापासून थोरले म्हणजे हे चुलत दीर. दुसरं कोणी घालू शकत नाही, निदान इथे तसं मानतात. मी मान्य केलं. नारळ आमचा, तारीख रविवारची. माझ्या यादीत मी लिहिलं: गाऱ्हाणं, मग कोपरा, मग पातं वरून खाली.

म्हणून त्या रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथे उभे होतो. मी ट्रॅक्टर बंद करून खाली उतरले. दिरांनी पाषाणावर पाणी घातलं, हळद कुंकू लावलं, नारळ ठेवला, हात जोडले. त्यांचा आवाज चांगला आहे. कितीही राग असला तरी हे मला कबूल करावं लागतं. गाऱ्हाणं घालायला लागले की दरीपलीकडच्या वाडीत ऐकू जातं.

"हे जाग्याच्या राखणदारा, बा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुजी लेकरा तुज्या पायाशी उभी हायत. जो काय नारळ ठेवलाय, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या काकीच्या जीवाला आराम पडू दे. तिच्या वाटेत काटा येऊ नये!"

"व्हय म्हाराजा!"

"हितं यंत्र चालणार हाय. चालवणारीचा हात पाय संभाळ!"

"व्हय म्हाराजा!" गडी हसले. मीसुद्धा जरा सैल झाले. वाटलं, माणूस वाटतो तितका वाईट नसावा.

"आणि आमच्या वाडवडलांनी जी हद्द घातली, जो गडगा रचला, तो हाय तसा, हाय तिथे ऱ्हाऊ दे. त्याचा चिरा हलू नये!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण हलवील, त्याचा तू बघून घे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. नवऱ्याने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, कारण तो झोपेत होता. मीही म्हटलं. या गोष्टीत डोकं लागतच नाही. मागणं मागणारा श्वास घ्यायला थांबतो आणि तोंड आपोआप उघडतं, लहानपणापासून ते तसंच उघडत आलेलं असतं, आणि माझ्यासारख्या लग्न होऊन आलेलीचंही आता उघडतं. शब्द बाहेर पडल्यावर मी ते ऐकले. तोवर दिरांनी नारळ उचलून दगडावर आपटला होता. नारळ सरळ दोन भागांत फुटला, पाणी पाषाणावर सांडलं.

मी म्हटलं, "भाऊजी, हे काय मागितलंत?"

"काय मागितला?"

"कोपरा काढायचा ठरलं होतं."

"मी देवाकडे मागितला. तुमी व्हय बोललात." त्यांनी खोबऱ्याचा तुकडा फोडून माझ्या हातावर ठेवला. "घे, परसाद हाय."

नवरा म्हणाला, "दादा, ही काय पद्धत झाली?"

"पद्धत तर हीच हाय. तुज्या बापूसानेपन असाच घातला असता." आणि मग माझ्याकडे बघून, "यादीत लिवलीस ना? मग लिव, गडगा हाय तसा."

मी दोन्ही गड्यांना सांगितलं, "लावा पहार." गड्यांनी पहारीकडे बघितलं, पाषाणाकडे बघितलं आणि जागचे हलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः पहार घेतली.

तेव्हा सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "ठेव ती खाली."

"आई, त्यांनी फसवलं आपल्याला."

"फसवलान ता मला कळला. मी काय बहिरी हाय?" त्यांनी दिरांकडे बघितलंही नाही. "पन मी व्हय बोल्ले. देवासमोर बोल्ले. आता त्याचा चिरा हलवायचा नाय."

"तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

"माज्यासाठी हाय ना? मग मी सांगते तसा कर. तू चिरा काडलास तर मी गाडीत बसायची नाय."

त्या शब्दाच्या पक्क्या आहेत. एकदा भावाशी बोलणार नाही म्हणाल्या होत्या तर त्याच्या तेराव्यालाच गेल्या. गाडीत बसणार नाही म्हणाल्या तर बसणार नाहीत, आणि न बसल्या तर काय होईल हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. दिरांनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्याशी भांडण केलंच नाही. त्यांनी गडग्याची राखण सासूबाईंच्या हातात दिली आणि टोपी सारखी करून घरी न्याहारीला गेले.

त्या दिवशी मी रस्ता केला. रागात केला आणि चांगला केला. वरून कातळापासून सुरुवात केली, पातं तिरकं लावलं, कडेचा सगळा मुरूम मध्यावर ओढला. दिरांच्या बागेतला उतार तर असा केला की वर अंडं ठेवलं असतं तर बरोबर कडेच्या चरात जाऊन पडलं असतं. त्यांच्या फाटकासमोरचा खड्डा मी सोडणार होते. मग सोडला नाही, कारण सोडलेला खड्डा पुढच्या पावसात माझ्याच अंगणात येतो. ट्रॉलीत मुरूम भरून आणला, पसरला, पाणी मारलं, आणि भरलेली ट्रॉली मागे लावून वर खाली फेऱ्या मारून दाबला. गडी चर उपसत होते. दुपारी नवरा जेवायला बोलवायला आला. मी म्हटलं, "तू सगळ्यांत मोठ्याने म्हणालास." तो म्हणाला, "तू पण म्हणालीस." मी ट्रॅक्टर पुढे घेतला.

संध्याकाळी वळणावर आले. रस्ता वरपासून इथपर्यंत एकसारखा, मधे पाठ, दोन्हीकडे उतार. आणि मधेच ते नाक, माझ्या चुन्याच्या खुणा अंगावर घेऊन. मी ट्रॅक्टर मागे घेतला. पातं गडग्याला टेकलं. एक चिरा किंचित करकरला. आणखी वीतभर मागे घेतलं असतं तर काम झालं असतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते रचलेले चिरे. वर दिरांच्या पडवीत दिवा लागला होता आणि दीर कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, ओरडले नाहीत. त्यांना गरज नव्हती. खाली आमच्या पडवीत सासूबाई बसलेल्या होत्या आणि ट्रॅक्टरचा आवाज त्या नीट ओळखतात, पुढे चाललाय की मागे.

मी पातं उचललं आणि घरी आले. त्यांनी विचारलं, "हलला काय?"

"नाही."

"बरा झाला," म्हणाल्या, आणि चहा मागितला. त्यांना चहा मोजून द्यायचा असतो, पाणी शरीरात साठतं म्हणून. मी अर्धा कप दिला. त्यांनी कपात बघितलं आणि म्हणाल्या, "येवढ्याचसाठी मला रत्नागिरीला नेताव काय?" मी हसले नाही. त्या हसल्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दीर स्कूटर घेऊन माझ्या रस्त्यावरून भर्रकन गेले. परत येताना वळणावर मला बघून थांबले.

"रस्ता झ्याक केलास हो. पोटातला पाणी हलत नाय."

"आईंना पण असंच वाटलं असतं, गाडी खाली आली असती तर."

"मग सांग तिला, व्हय बोल्लीस, आता नाय बोल." पाय टेकवून ते स्कूटरवर आरामात बसले होते. "मी कुटं आडवलाय?"

"तुम्ही माणसाच्या आजारपणावर गडगा रचलात, भाऊजी."

"गडगा माज्या आज्याने रचलान. मी राखला." आणि मग, आवाज जरा उतरवून, "तुला वाटतां मी काकीच्या वायटावर हाय. मी काकीच्या हातची पेज पिऊन वाडलोय. पन आज मी हातभर दिला, तर उद्या माजा पोरगा तुमच्या मुंबयवाल्यांना किती देईल?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. लेखी करून देते, हातभरच्या पुढे कधी मागणार नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "बघू." मी तिथून निघाले, कारण हातात फावडं होतं.

नवरा म्हणाला अर्ज करू, मोजणी आणू. रस्त्यावरून जायचा आमचा हक्क जुना आहे, तो कोणी नाकारत नाही. पण गडग्याचं नाक त्यांच्या जमिनीत आहे हे मोजणीशिवायही सगळ्यांना दिसतं. आणि मोजणी झाली, हुकूम आला, तरी सासूबाई गाडीत बसणार नाहीत. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, राखणदाराच्या?

तर खुर्ची चालू राहिली. मी प्लास्टिकची खुर्ची बाद केली आणि सागाची, हाताची, भक्कम खुर्ची काढली, तिला दोन्ही बाजूंना बांबू बांधले. चढणीवर पायऱ्यांसारखे आडवे चिरे बसवले, म्हणजे उचलणाऱ्याचा पाय घसरणार नाही. जे करता येत होतं ते सगळं केलं. दर वेळी वर जाताना दीर पडवीत असतात. कधी दात घासत, कधी रेडिओ लावून. एकदाही आत गेले नाहीत. हे मला सगळ्यांत जास्त खुपतं. लाज वाटली असती तर आत गेले असते.

डिसेंबरात एका सकाळी एकच गडी आला. दुसऱ्याला ताप. नवरा पाळीवर. मागचे बांबू गड्याने धरले, पुढचे मी. गाडी वर येऊन थांबलेली, ड्रायव्हर गाडीत फोनवर. वळणावर पोचता पोचता माझा एक हात सुटला. बांबू मी कोपराने अडवला, पण खुर्ची एका बाजूला कलली आणि सासूबाई त्या बाजूला सरकल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त गडग्याला हात लावला, पडू नये म्हणून. त्याच गडग्याला. चुन्याची खूण त्यांच्या तळव्यावर उमटली.

पहिल्या धावत आल्या त्या जाऊबाई. हात पिठाचे होते. त्यांनी माझ्या हातातला बांबू खांद्यावर घेतला आणि मला म्हणाल्या, "तुला एकटीला कशाला हवी होती ही मर्दुमकी? हाक मारायला तोंड नाय?" मी म्हटलं, "हाक कोणाला मारायची? तुमच्याकडे सगळे बघायला बसलेले असतात." त्यांचा चेहरा कडवट झाला, पण बांबू सोडला नाही. दीर पडवीच्या पायरीपर्यंत आले होते. तिथेच थांबले.

सासूबाई म्हणाल्या, "थांबवा खुर्ची."

आम्ही खुर्ची वळणावर टेकवली. त्यांनी दिरांना हाक मारली, त्यांच्या बालपणीच्या नावाने, जे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. दीर खाली आले.

"तुज्या तोंडातून गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "तुज्याच तोंडातून मागे यायला हवा. दुसऱ्या कोनाचा चालत नाय. परत गाऱ्हाणा घाल, चुकला माकला माफ कर म्हण, आणि हातभर माग. मी व्हय बोलते."

दीर गडग्यातलं गवत उपटायला लागले.

"मी मेल्यावर घालशील त्याचा मला काय उपेग नाय," त्या म्हणाल्या. "नारळ आमचा."

"काकी, असा बोलू नको."

"मग कसा बोलू? तू शिकव."

जाऊबाई दिरांकडे बघत होत्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"बघू," दीर म्हणाले. मग बहुतेक त्यांनाही तो शब्द ऐकू आला असावा, कारण ते पुढे म्हणाले, "अमावास्या हाय आता. ती होऊ दे."

आम्ही सासूबाईंना गाडीत बसवलं. त्यांनी तळव्यावरचा चुना साडीला पुसला नाही, मला दाखवला आणि म्हणाल्या, "खुना बऱ्या केल्यास. अजून पुसल्या नायत."

अमावास्या झाली. मग दिरांच्या मोहोराला फवारणी निघाली. मग त्यांचा मुलगा मुंबईहून यायचा होता, तो आला नाही. मी त्यांच्याकडे विचारायला गेले नाही. जाऊबाई मात्र एकदा वळणावर उभ्या राहून मला म्हणाल्या, "मी रोज सांगते." मी विचारलं, "आणि ते काय म्हणतात?" त्यांनी पदर खोचला आणि त्या घराकडे वळल्या. आम्ही दोघी कधी मैत्रिणी नव्हतो आणि आताही नाही, पण खुर्ची निघाली की त्या येतात, मागच्या बाजूचा बांबू धरतात आणि गाडीचं दार लागलं की परत जातात.

रस्ता मात्र टिकून आहे. अवकाळी सर येऊन गेली तरी पाणी दोन्हीकडे उतरलं, मधे कुठे साचलं नाही. मी आज सकाळी वरपासून चालत आले आणि काय राहिलंय ते बघितलं. पात्याची कड झिजली आहे, बदलायला हवी. कातळावर रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या तोंडाशी पाला अडकला होता, तो काढला. दिरांच्या फाटकासमोर त्यांच्या स्कूटरने एक चाकोरी पाडायला घेतली आहे, तिच्यात दोन घमेली मुरूम टाकला. वळणावर खुणा आहेत तशा आहेत, थोड्या फिकट.

नारळ मी आणून ठेवला आहे. ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी, गोणपाटात गुंडाळून. हलवला की आत पाणी वाजतं, म्हणजे अजून चांगला आहे. उद्या सकाळी गाडीची वेळ आहे. कोपरा काढायचा राहिला आहे.